बघ्यांची बखर

खेळणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. कोणत्या मल्लाने कोणत्या साली कोणाला चीत केले, कोणत्या फलंदाजाने किती शतके ठोकली, याच्या नोंदी वर्तमानपत्रांतून आणि ग्रंथांतून जपून ठेवलेल्या असतात. परंतु आखाड्याभोवती जे उन्हातान्हात बसले, घसा बसेपर्यंत ज्यांनी आरोळ्या ठोकल्या आणि उशिरा घरी जाऊन ज्यांनी बायकोची बोलणी खाल्ली, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. बघे ते बघे! त्यांचा कसला आला आहे इतिहास?

कालचक्र मात्र असे फिरले आहे, की आज या बघ्यांना मोठा भाव आला आहे. त्यांची डोकी मोजली जातात, त्यांच्या नजरेची किंमत कोट्यवधी रुपयांत ठरते, आणि त्यांतले चार कमी झाले की मोठमोठ्या कंपन्यांच्या चालकांची झोप उडते. अमेरिकेत अशीच झोप उडालेली आहे. धंदेवाईक बास्केटबॉलचे सामने टेलिव्हिजनवर पाहणारे लोक कमी का झाले, यावर तेथे गेली काही वर्षे मोठा खल चालला आहे. उमरग्याच्या माणसाला त्याचे काय सोयरसुतक, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की तोच प्रश्न आपल्या हुतुतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या दारात येऊन उभा राहिला आहे. आणि आपल्या घरचे दुखणे पुष्कळदा शेजाऱ्याच्या घरी पाहिले म्हणजे अधिक चांगले उमगते.

तेव्हा प्रथम शेजाऱ्याकडे जाऊ. बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालचा. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे एक मास्तर होते. कडाक्याच्या थंडीत मुलांना छपराखाली खेळवता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी फळांच्या दोन करंड्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या आणि मुलांना त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. मास्तरांच्या या करंडीतून पुढे केवढे साम्राज्य निघाले! १९९८ साली मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्स हा संघ अंतिम फेरी खेळत होता, तेव्हा दर सामन्यास सरासरी २ कोटी ९० लाख अमेरिकन माणसे पडद्यासमोर होती. २०२० साली, महामारीच्या वर्षी, ही संख्या ७५ लाखांवर आली. २०२५ च्या अंतिम फेरीस ती १ कोटी ३ लाखांच्या आसपास होती. म्हणजे महामारीचे वर्ष सोडून दिले तरी सत्तावीस वर्षांत तिघांतले दोघे उठून गेले.

याहून मोठी नवलाची गोष्ट पुढेच आहे. २०२४ साली याच संघटनेने पुढील ११ वर्षे सामने दाखवण्याचे हक्क ७,६०० कोटी डॉलर्सना विकले. वर्षाचा हिशेब केला तर ही रक्कम आधीच्या कराराच्या दुपटीहून अधिक भरते. गिऱ्हाईक घटले म्हणजे माल स्वस्त होतो, असे आपण आठवड्याच्या बाजारात पाहतो. येथे गिऱ्हाईक घटले आणि माल महागला! याचे कारण असे सांगतात, की ज्या काळी घरातली चार माणसे चार वेगळ्या गोष्टी पाहतात, त्या काळी पुष्कळ माणसांना एकाच घटकेस एके ठिकाणी बसवणारे असे खेळाखेरीज फारसे काही उरलेले नाही. बघे दुर्मिळ झाले म्हणून त्यांचा भाव वाढला.

पण ते दुर्मिळ का झाले? हे समजावयाचे तर मुळात बघा जमतो कशाने, हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्या मातीत त्याचा पुरावा पुष्कळ आहे.

*

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागृहाचे अवशेष पाहिले. १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान बांधून पुरे झाले. मध्यभागी आखाडा, आणि सभोवार चढत गेलेली बैठक. मध्ये खांब नाही, वर छप्पर नाही. कोठेही बसा, लंगोट कसलेला गडी दिसतोच. या मैदानाची कीर्ती तेथे लढलेल्या मल्लांमुळे झाली हे खरे. तथापि ते बांधताना राजाच्या मनात मल्लाइतकाच बघाही होता, हे त्या उतारावर बसल्याबरोबर ध्यानात येते.

आमच्या उमरगा भागात खासबाग नाही. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेजारी कर्नाटक लागलेला, आणि बोलीत कानडी-उर्दूची फोडणी. परंतु गावोगावच्या जत्रेत फड पडतो तो कोल्हापूरच्याच चालीचा. हलगी कडाडते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनामाच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मानाची कुस्ती लागते. कधीकधी दोन तगडे गडी अर्धा अर्धा तास एकमेकांना रेटीत राहतात. तसूभर कोणी हलत नाही. परक्या माणसाला वाटावे, यात पाहण्यासारखे आहे तरी काय? पण भोवतालचा माणूस उठत नाही. "अरे, पट काढ, पट!" असे ओरडणारा म्हातारा तीस वर्षांपूर्वी स्वतः त्याच मातीत लोळलेला असतो. घिस्सा कोणता आणि ढाक कोणती हे त्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नसते; ते त्याच्या दुखऱ्या खांद्याला ठाऊक असते. शिवाय लढणाऱ्यांपैकी एक गडी त्याच्या गावचा, नाहीतर सोयऱ्याच्या गावचा असतो.

बघा जमण्याची तीन कारणे येथे सापडतात. त्याने तो खेळ कधी तरी खेळलेला असतो. खेळणारा त्याच्या ओळखीचा असतो. आणि पाहावयास तो एकटा आलेला नसतो. या तीन धाग्यांचा पीळ जोवर घट्ट, तोवर बघा ऊन पाहत नाही आणि पाऊस पाहत नाही.

हुतुतूची कथाही निराळी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने गेल्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत आपल्या देशी खेळांना नियमांची चौकट दिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक थेट जर्मनीत करून दाखवले. परंतु या खेळाला खरा बघा मिळाला तो मुंबईच्या गिरणगावात. लालबाग, परळ, नायगाव, वरळी येथील चाळींच्या मधल्या अंगणात चुन्याच्या रेघा ओढल्या जात. पाळी सुटलेला कामगार डबा हातात घेऊन तसाच कडेला उभा राही, आणि वरच्या गॅलऱ्यांतून आयाबहिणी वाकून पाहत. चढाईस गेलेला पोरगा कोणत्या खोलीतला, याची आई कोण आणि बाप कोणत्या खात्यात, हे उभ्या चाळीला ठाऊक असे. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांना त्या परक्या शहरात हा खेळ म्हणजे गावाकडचा एक तुकडाच होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. कोणी गावी परतले, कोणी उपनगरांत फेकले गेले. चाळींच्या जागी पुढे काचेचे मनोरे उठले. कबड्डीची मंडळे काही ठिकाणी नेटाने चालली, आजही चालतात. पण पाळी सुटल्यावर कडेला उभा राहणारा तो माणूस गेला. त्याचा त्या खेळावर राग नव्हता. खेळ त्याला कंटाळवाणाही झाला नव्हता. त्याची जागाच नाहीशी झाली.

*

मैदानावर न जाताही सामना अनुभवता येतो, हे आपल्याला प्रथम आकाशवाणीने शिकवले. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीतून केले, तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या खेड्यातल्या माणसालाही फलंदाज कसा पुढे सरसावला ते कानांनी दिसू लागले. रेडिओ घरोघर नव्हते. हॉटेलाच्या फळीवर, पानपट्टीच्या ठेल्यावर एक संच बोलत असे आणि त्याच्याभोवती पंचवीस कान गोळा होत. ऐकणारा अजून एकटा पडला नव्हता.

मग दूरचित्रवाणी आली. भारतात तिचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला; मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या भागास लागून या कथेतले एक विलक्षण पान आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेने आपला एक उपग्रह भारताला वापरावयास दिला होता, आणि त्याच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवून शेतीचे, आरोग्याचे आणि मुलांच्या शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. त्या सहा राज्यांत कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता; आणि कर्नाटकात निवडलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. म्हणजे सरहद्दीच्या पलीकडे संध्याकाळी गावाचे गाव शाळेच्या पटांगणात चित्रे पाहत बसले होते, आणि अलीकडे आम्ही कंदिलाच्या काचा पुसत होतो! ३१ जुलै १९७६ रोजी तो प्रयोग संपला. त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली होती: भारतीय खेड्यात टेलिव्हिजन शिरला तो घरातून नव्हे, पटांगणातून.

पुढे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने चित्रे रंगीत झाली. त्याच स्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले होते. तिला पदकाचा खेळ म्हणून मान मिळाला तो १९९० साली बीजिंगला. १९८३ साली क्रिकेटचा विश्वचषक आला, १९८७ साली 'रामायण' सुरू झाले, आणि गल्लीत ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घराचा उंबरा झिजू लागला. घरमालकाच्या पलंगावर वडीलधारी, खाली सतरंजीवर पोरे, खिडकीच्या गजांना धरून उरलेली गल्ली. ॲन्टेना फिरवणारा एक पोरगा कायमचा माडीवर! त्या दिवसांत एक संच म्हणजे एक छोटेसे खासबागच होते.

या भागाला १९९३ साली जो घाव बसला त्याचा उल्लेख टाळून येथल्या गल्लीविषयी लिहिता येणार नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाहून परतलेली माणसे नुकती निजली असता, धरणी हलली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या जगाला कळली. हजारो माणसे गेली. पुढे कितीएक गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे मजबूत झाली, रस्ते रुंद झाले, रांगा सरळ झाल्या; ते सारे आवश्यकच होते. परंतु जुन्या गावात घराला घर लागून होते, आणि पारावर कोण बसले आहे ते उंबऱ्यातून दिसे. नव्या गावात घरे दूर दूर गेली. हाकेच्या टप्प्यात माणसे असणे ही केवढी दौलत आहे, हे आमच्या भागाला फार मोठे मोल देऊन कळले.

*

१९९३ च्याच नोव्हेंबरात हीरो चषकाच्या क्रिकेट सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे, यावरून सरकार आणि क्रिकेट संघटना यांचा वाद न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आकाशातील लहरी ही कोणा सरकारी खात्याची मिरास नव्हे. ती सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल उदार होता. परंतु सार्वजनिक मालमत्तेचे आपल्याकडे जे होते तेच पुढे झाले: तिच्यावर बाजार भरला. सामने विकले जाऊ लागले. बघा हा आता पाहुणा राहिला नाही. तो माल झाला. जाहिरातदाराला विकावयाचा माल!

या बाजारात कबड्डी उतरली ती २६ जुलै २०१४ रोजी. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला मुंबईत, वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात. ज्या गिरणगावाने हा खेळ वाढवला त्याच्या अगदी कुशीत, आणि संपानंतर बत्तीस वर्षांनी. माती जाऊन चटई आली, वर रंगीबेरंगी दिवे आले, चढाईस तीस सेकंदांचे बंधन आले. आणि काय आश्चर्य, देश पाहू लागला! आठ संघ, साठ सामने, सदतीस दिवस. आणि पाहणारे ४३ कोटी ५० लाख असे प्रसिद्ध झाले. क्रिकेटच्या आयपीएलखालोखाल हाच आकडा होता. हे बघे आकाशातून पडले नव्हते. गावोगावच्या शाळांत, गिरणगावाच्या अंगणांत ज्यांनी कधी काळी 'कबड्डी, कबड्डी' म्हणत दम कोंडला होता, ते सारे आपला हरवलेला भाऊ भेटावा तसे पडद्यासमोर धावले. लीगने बघे निर्माण केले नाहीत. चार पिढ्यांनी साठवून ठेवलेले तिला आयते मिळाले.

ठेव आयती मिळाली की ती उधळण्याचा मोह होतो. २०१६ साली एकाच वर्षात दोन हंगाम उरकण्यात आले. २०१७ साली आठांचे बारा संघ झाले, साठांचे १३८ सामने झाले, सदतीस दिवसांचे तीन महिने झाले. एका मोबाईल कंपनीने त्या साली पाच वर्षांच्या नावासाठी ३०० कोटी रुपये मोजले. सामना वाढला की जाहिरात वाढते, हे गणित सोपे आहे. परंतु जत्रा रोज भरली तर तिला जत्रा कोण म्हणेल? दिवाळी वर्षातून एकदा येते म्हणून करंजीला चव असते. अमेरिकेतही हेच दुखणे आहे. तेथे प्रत्येक संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. नामांकित खेळाडू दमू नयेत म्हणून त्यांना अधूनमधून विश्रांती देतात. आणि ज्याला पाहावयाचे तोच मैदानात नाही, असे पाहून बघा चडफडतो. शेवटी २०२३ साली संघटनेला नियम करावा लागला, की बहुतेक मोठ्या बक्षिसांसाठी निदान ६५ सामने खेळलेच पाहिजेत.

खेळ स्वतःच एकसुरी झाला, असेही कोणी म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. बास्केटबॉलमध्ये लांबून चेंडू टाकल्यास तीन गुण मिळतात. १९९७-९८ च्या हंगामात एक संघ एका सामन्यात असे तेरा प्रयत्न करी. २०२४-२५ मध्ये ते सदतीसच्या वर गेले. गणित्यांनी हिशेब करून दाखवला, की लांबूनच टाकणे फायद्याचे. मग सारेच लांबून टाकू लागले. कबड्डीतही दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरीला काय ते करावयाचे, हा हिशेब संघांना साधला आहे. हिशेबाने सामना जिंकता येतो. पण बघ्याचे काळीज हिशेबाने धडधडत नाही. तरीसुद्धा मी यास मूळ कारण म्हणणार नाही. जत्रेतली ती अर्ध्या तासाची रेटारेटी याहून एकसुरी होती, आणि तेथून माणूस हलत नव्हता.

मूळ कारण त्या तीन धाग्यांत शोधावे लागते.

पहिला धागा ओळखीचा. संघाचे नाव गावाचे, पण खेळाडू लिलावाने आलेले. दोन-चार वर्षांनी पुन्हा लिलाव. चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सने घेतला, याचा आम्हांस अभिमान वाटला. पण त्याला टाळी द्यावी की पुण्याला, हा पेच पडलाच. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस अजिंक्यपद मिळवले, तेव्हा मराठी घरांत टी.व्ही. पुन्हा थोडा मोठ्याने लागला, तो याच ओळखीमुळे. उलट महामारीनंतर बहुतेक हंगामांत सामने मोजक्याच शहरांत भरवले गेले. २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत मुंबईच्या नावाचा संघ होता, पण मुंबईत एकही सामना नव्हता. ज्या दैवताची पालखी त्याच्याच गावातून जात नाही, त्याला नवस कोण बोलणार?

दुसरा धागा सोबतीचा. पूर्वी संच एक आणि बघे पन्नास होते. आता एका घरात पाच पडदे आहेत आणि प्रत्येकापुढे एकेक बघा आहे. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि सामन्याचे तुकडे झाले. पोरे तीस सेकंदांची थरारक चढाई बोटाने सरकवून पाहतात. तिच्या आधीची चाळीस मिनिटांची झुंज त्यांना ठाऊक नसते. भाजीतला खोबऱ्याचा तुकडा वेचून खाल्ला, भाजी तशीच राहिली! शिवाय खेळांच्या बहुतेक वाहिन्यांना वेगळे पैसे पडतात, आणि महिन्याच्या हिशेबात जो पहिला खर्च कापला जातो त्यात ती वाहिनी असते. अमेरिकेत कोट्यवधी घरांनी केबल सोडली, ती याच हिशेबाने. उलट २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील काही सामने बऱ्याच वर्षांनी एनबीसी या खुल्या वाहिनीवर परतले, आणि हंगामाच्या आरंभीच बघे वाढल्याच्या वार्ता आल्या. दार उघडे ठेवले की माणसे येतात, हे सांगण्यास खरे म्हणजे कोणा तज्ज्ञाची जरूर नव्हती.

येथे मोजदादीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक आकड्यांना भुलेल. आपल्याकडे ४३ कोटी म्हणतात तेव्हा ज्याने थोडा वेळ डोकावले तोही त्यात धरलेला असतो. अमेरिकेचे आकडे बहुधा सामनाभर सरासरीने किती जण बसले होते याचे असतात. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात प्रो कबड्डीचे पहिल्या ९० सामन्यांपर्यंतचे बघे २२ कोटी ६० लाख असल्याचे जाहीर झाले. परंतु २०१५ साली मोजणारी संस्थाच बदलली, म्हणून हे दोन आकडे एकाच तागडीत घालता येत नाहीत. शिवाय देशातील सुमारे २१ कोटी टी.व्ही. घरांपैकी मोजणीचे यंत्र बसते ते सुमारे ५५ हजार घरांत. एका घराने डोळे मिटले की जवळजवळ चार हजार घरे झोपली असे धरतात! मोबाईलवर पाहणारे आणखी निराळे. तेव्हा बघे किती घटले याचा नेमका जमाखर्च कोणी मांडला तर जपून ऐकावा. पण पानपट्टीवर कबड्डीची चर्चा २०१४ साली जितकी रंगे तितकी आज रंगत नाही, एवढे समजावयास यंत्र लागत नाही.

*

आणि तिसरा धागा, स्वतः खेळण्याचा. तो सर्वांत नाजूक, आणि माझ्या मते बाकीचे दोन्ही त्यावरच ओवलेले आहेत.

आमचा धाराशिव जिल्हा पाण्याला गरीब. खेळाला मात्र नाही. येथे खो-खो रुजला. त्याला चटई लागत नाही, चेंडू लागत नाही, फळी लागत नाही. दोन खांब आणि धावणारी पोरे असली की पुरे. याच जिल्ह्याच्या सारिका काळे हिने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही चषक जिंकले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात ज्या घरांतून शाळेत कधी पाटीवर बसलेली मुलगी होती, त्या घरांतून सामना शेवटपर्यंत पाहिला गेला. आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आली आणि "अगं, खो दे ना!" असे पडद्याला म्हणाली. तिला कोणी जाहिरातीने आणले नव्हते. तिच्या पायांना तो खेळ आठवत होता.

मला वाटते, येथेच साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. बघा हा निवृत्त खेळाडू असतो. आज पटांगणात दहा पोरे धावली तर वीस वर्षांनी त्या खेळाला दहा घरे मिळतात. पटांगण बंद झाले तर त्याचा परिणाम त्या दिवशी कोणाला दिसत नाही. तो वीस वर्षांनी कोठल्या तरी कंपनीच्या कागदावर घसरत्या रेघेच्या रूपाने दिसतो, आणि मग तेथील शहाणी माणसे दिवे बदलतात, नियम बदलतात, समालोचक बदलतात. २०२१ पासून पाच वर्षे कबड्डी दाखवण्याच्या हक्कांसाठी ९०८ कोटी रुपये ठरले होते. त्या रकमेतून किती शाळांची पटांगणे सपाट झाली असती, किती खांब रोवले गेले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हा दानधर्म नव्हे. ज्याला पुढच्या वर्षी पेरावयाचे आहे तो शेतकरी बियाणे खाऊन टाकीत नाही, इतकीच ही गोष्ट आहे.

आणि यात केवळ कंपन्यांचा नफातोटा गुंतलेला असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. आमच्याकडच्या कोरडवाहू गावातल्या मुलीला मैदान हे घराबाहेर पडण्याचे एक दार असते. खेळाच्या जोरावर शिक्षण होते, नोकरी मिळते, लग्न चार वर्षे लांबते. गावाने खेळ पाहणे सोडले म्हणजे त्या मुलीकडे पाहणे सोडले. मग बाप म्हणतो, कोण बघतंय तुझा खेळ, घरी बस. बघ्यांची संख्या कमी होते ती अशी, एकेका मुलीने.

वर्षाचा हा सण आहे. पुण्या-मुंबईस आणि हैदराबादेस गेलेली मंडळी आता घरी येतील. फराळाची ताटे होतील, फटाके वाजतील, आणि दुपारी जो तो आपापला मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात जाईल. त्याऐवजी एक दिवस चार वाजता शाळेच्या पटांगणाकडे जाऊन पाहावे. सुट्टी असली तरी तेथे पोरे असतात. चुना नसला तर ती राखेने रेघ ओढतात. कडेला उभे राहावे, कोण कोणाचा हे विचारावे, चांगली चढाई झाली तर मोठ्याने वाहवा म्हणावे. आणि गुडघे ठीक असतील तर एक डाव आपणही खेळावा. पोरे हसतील. हसू द्यावीत.